भिंतीवरचं झाड, झाडाखालचा वाघ

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. पण रिलीज, प्रॉडक्शनमधले बग आणि नव्या फ्लॅटचं फर्निचर या तिघांनी मिळून माझे सगळे वीकेंड खाल्ले. आज शनिवार आहे, बायको माहेरी गेलीय, फोन सायलेंटवर आहे. तेव्हा बसलोच.

गोष्ट सुरू होते आमच्या हॉलमधल्या सोफ्याच्या वरच्या भिंतीपासून. ही भिंत रिकामी होती आणि येणारा प्रत्येक पाहुणा "इथे काहीतरी हवं" असं म्हणून जात होता. शेवटी एका रात्री आम्ही दोघांनी ऑनलाइन शोधाशोध करून एक लाकडी वॉल आर्ट मागवलं. कोरलेलं झाड, खाली पसरलेली मुळं, फांद्यांवर पक्षी, बुंध्याभोवती फेर धरून नाचणारी वारली पद्धतीची माणसं. तळाशी इंग्रजीत एक ओळ, जिचा अर्थ साधारण 'रोज थोडं वाढत राहा' असा होतो. निसर्ग आणि आत्मविकास यांच्या प्रेरणेतून घडवलेली कलाकृती, असं खोक्यावर छापलेलं होतं. नेमके ते अप्रेझलचे दिवस होते. ऑफिसात दिवसभर 'ग्रोथ', घरी आल्यावर भिंतीवर 'ग्रोथ'. छान वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी घोलवडला जाणं झालं. आमच्या टीममधला एक मुलगा तिकडचाच, वारली. (इथे त्याला नाव नकोय, म्हणून देत नाही.) "चिकू खायला या," म्हणाला. विरारहून डहाणू लोकल, पुढे रिक्षा. घोलवड तुम्हाला माहीत असेल ते चिकूमुळे, २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू'ला जीआय मिळाला त्यामुळे, किंवा शेजारच्या बोर्डीच्या सुरूच्या बनामुळे. मलाही तेवढंच माहीत होतं. पण स्टेशनच्या पूर्वेला वळलं की वाड्या संपतात, जमीन चढायला लागते, पाडे सुरू होतात, आणि आपण ज्याला 'घोलवड' समजत होतो ते फक्त किनाऱ्याचं घोलवड होतं हे कळतं.

दुपारी जेवण झाल्यावर मित्र आणि त्याचे मामा मला रानाच्या कडेला घेऊन गेले. मामा सुतारकाम करतात. एका मोठ्या झाडाखाली जमिनीत एक लाकडी फळी उभी रोवलेली होती. कमरेएवढी उंच, जाड, शेंदूर फासलेली. वरच्या बाजूला एका कोपऱ्यात सूर्य, दुसऱ्यात चंद्राची कोर. खाली एक जनावर. शेपटी पाठीवर वळलेली, चार पाय एका ओळीत, डोळा म्हणजे नुसतं एक भोक. शेजारी तशीच दुसरी एक फळी, पण इतकी जुनी की पावसाने आणि वाळवीने तिच्यावरचं सगळं खाऊन टाकलेलं. समोर नारळाच्या करवंट्या आणि थोडी पिसं.

"हा वाघदेव," मित्र म्हणाला.

मी उत्साहाने फोन काढला आणि मामांना आमच्या हॉलमधल्या झाडाचा फोटो दाखवला. म्हणजे बघा, आमच्याकडेही आहे! मामांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, कडेकडेने निरखला.

"हे लाकूड नाय. भुसा आहे, दाबलेला."

मी घरी येऊन खोका पाहिला. एमडीएफ. मामा बरोबर होते. पण मला टोचलं ते वेगळंच. मी दोन कोरीव कामं शेजारी शेजारी धरली होती आणि त्यातलं एक नेमकं कशासाठी होतं, हेच मला माहीत नव्हतं. मग पुढचे तीन-चार वीकेंड वाचण्यात गेले. हा लेख त्याचा गोषवारा.

आधी त्या फळीबद्दल.

वारल्यांच्या वाघदेवाची, म्हणजे वाघोबाची, लेखी नोंद बरीच जुनी आहे. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सन उत्तर कोकणातल्या वारली आणि कातोडी लोकांमध्ये फिरले होते, आणि १८४३ साली त्यांचा या दोन जमातींवरचा लेख लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. विल्सन मिशनरी, त्यामुळे त्यांचे प्रश्न देव कोणता, पाप काय, मेल्यावर काय होतं असे. वारल्यांनी आपला देव वाघ्या असल्याचं सांगितलं. तो आम्हाला वाघांपासून राखतो, पीक देतो, रोगराई दूर ठेवतो; आम्ही त्याला कोंबडं, बकरं, नारळ, तेल देतो. विल्सनना हे फारच व्यवहारी वाटलं असणार. पुढे १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये हीच माहिती थोड्याफार फरकाने आली, आणि १९४५ साली के. जे. सावे यांचं 'द वारलीज' हे पुस्तक आलं.

अगदी अलीकडचं काम २०२१ सालचं आहे. बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगरातल्या वाघोबाच्या दीडशेहून अधिक ठाण्यांची नोंद केली. पट्टेरी वाघ या भागातून कधीच गेला, बिबट्या मात्र आहे. आणि इथल्या बोलीत दोघेही 'वाघ'च. त्या अभ्यासात वाघोबाच्या जन्माची कथा दिली आहे. थोडक्यात सांगतो. एका कुमारिकेला मूल होतं. ते मूल दिसायला माणसाचं, पण आईची पाठ वळली की वाघ होऊन गावाची गुरं मारतं. गाव आईकडे तक्रार घेऊन येतं. मग ठरतं असं, की याने गावात राहायचं नाही, रानात राहायचं. रानाच्या कडेला झाडाखाली याला जागा द्यायची आणि वर्षातून एकदा गावाने याचा मान द्यायचा. बदल्यात याने गावाला त्रास द्यायचा नाही.

बाकी महाराष्ट्र ज्या दिवशी वसुबारस करतो, त्याच दिवशी, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, इथे वाघबारस असते. आपण गाय-वासराला ओवाळतो, हे लोक गाय खाणाऱ्याला ओवाळतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. मग लक्षात आलं की गुरं दोघांनाही वाचवायचीच आहेत. एकाने गुरांशी बोलणं केलं, दुसऱ्याने थेट वाघाशी.

ती कथा पुन्हा वाचून बघा. त्यात चमत्कार नावापुरता आहे, बाकी सगळी वाटाघाट. दोन पक्ष आहेत, हद्द ठरली आहे, वार्षिक देणं ठरलं आहे, मोडलं तर काय हेही गृहीत आहे. बिबट्याने गुरू मारलं तर भगताला विचारायचं की आपल्याकडून काय राहिलं. म्हणजे वाघोबाचा मान चुकला का? वाघाने नियम मोडला असं लगेच म्हणायचं नाही, आधी आपली बाजू तपासायची. (आमच्याकडे क्लायंटचा इश्यू आला की पहिलं वाक्य 'तुमच्या एन्व्हायर्नमेंटचा प्रॉब्लेम असेल' हे असतं. असो.)

आणि त्या फळीवरचे सूर्य-चंद्र? उत्तर कोकणात शिलाहार राजांच्या काळापासूनचे, म्हणजे साधारण हजार ते सातशे वर्षांपूर्वीचे, दगडी शिलालेख आणि गद्धेगाळ सापडतात. गावाला किंवा देवळाला जमीन दिली, तर तो करार दगडावर कोरायचा, वर सूर्य आणि चंद्र काढायचे. अर्थ सरळ आहे, चंद्रसूर्य असेतोवर हे दान चालेल. खाली मोडणाऱ्याला भयंकर शिवी. झाडाखालच्या फळीवर तेच दोघे साक्षीदार त्याच जागी बसलेले पाहिल्यावर मला राहवत नाही, मी माझा तर्क सांगून टाकतो. ती फळी मूर्ती आहेच, पण त्याहून जास्त ती दस्तऐवज आहे. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनी रानाशी केलेला करार. सहीच्या जागी सूर्य-चंद्र.

लाकडाचा करार मात्र दगडासारखा टिकत नाही. आठ-दहा पावसाळे, फार तर वीस. मग नवी फळी करायची, आणि ती करताना गावाला पुन्हा एकत्र यावं लागतं, पुन्हा देणं ठरवावं लागतं. मी मामांना विचारलं, जुनी का काढली नाही? ते म्हणाले, कशाला काढायची, ती आपणहून जाईल.

आता भिंतीकडे येऊ. कारण वॉल आर्ट म्हटलं की वारली चित्र आठवतं, आणि ते खरोखरच भिंतीवरचं.

कुडाची भिंत, त्यावर माती-शेणाचा लेप, वर गेरू, आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या पाण्याने, टोक चघळून मऊ केलेल्या काडीने काढलेलं चित्र. हे आपण सगळे शाळेच्या चित्रकलेच्या वहीत शिकलो. शाळेत जे सांगितलं नाही ते हे, की मुळात हे चित्र मनात आलं म्हणून काढायचं नव्हतं. लग्न असेल तर काढायचं. काढायचं सवाष्णींनी. मधोमध चौक, आणि चौकात पालघट. पालघट ही देवी झाडझाडोऱ्याची, पिकाची, पोटात वाढणाऱ्या जिवाची. चौक पुरा झाल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न लावणारीही बाईच, धवलेरी. तिची गाणी हेच मंत्र. यशोधरा दालमिया यांनी १९८८ च्या त्यांच्या पुस्तकात हे सगळं सविस्तर लिहिलंय.

म्हणजे आमच्या हॉलमधल्या चित्राचा जो विषय, निसर्ग आणि वाढ, तोच हा. पण इथली वाढ एकट्याची नाही. दोन माणसं, दोन घरं, पुढच्या हंगामाचं भात, सगळ्यांची एकत्र. आणि लग्न झालं की चित्राचं काम संपलं. धुराने काळं होवो, लेपाबरोबर गळून पडो, कोणाला त्याचं दुःख नाही. पुढच्या लग्नाला पुन्हा काढू.

इथपर्यंत वाचताना मला फार बरं वाटत होतं. रान, करार, देवी, गाणी. अजून एक पायरी आणि मी 'आदिवासी किती सुखी, आपण किती दुःखी' छापाचा लेख लिहिला असता. तुम्हीही असे दहा फॉरवर्ड वाचले असतील. पण मग त्याच लग्नाचा तिसरा दस्तऐवज हाती लागला.

त्याला म्हणत लग्नगडी.

लग्नाला पैसा लागतो. वारल्याकडे तो नसायचा. तो सावकाराकडे किंवा जमीनदाराकडे जायचा, थोडी रक्कम उचलायचा, अंगठा द्यायचा. बदल्यात नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं, कर्ज फिटेपर्यंत. आणि हिशेब ठेवणारा तोच, वाचता येणारा तोच, त्यामुळे कर्ज फिटतच नसे. मूल झालं की तेही त्याच घराच्या गुरांमागे. १९३७ नंतर मुंबई सरकारने डी. सायमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याला इलाख्यातल्या आदिवासींची स्थिती पाहायला सांगितलं होतं. त्यांच्या अहवालात हे सगळं आलेलं आहे. तो सरकारी माणूस, सरकारी भाषेत लिहिणारा. तरी वाचवत नाही.

म्हणजे एकाच लग्नाची दोन चित्रं. घरच्या भिंतीवर पालघट, वाढीची देवी. सावकाराच्या वहीत अंगठा, त्याच वाढीवरचा बोजा. जे जन्माला येईल ते आधीच गहाण.

इथे मला थांबून एक कबुली द्यायची आहे. आमच्याकडे कॅम्पसमधून येणाऱ्या पोरांकडून दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घ्यायची पद्धत आयटीत खूप काळ होती. मीही लिहून दिला होता. कँटीनमध्ये आमचा ठरलेला विनोद म्हणजे 'आपण काय, वेठबिगार'. फ्लॅटचं वीस वर्षांचं कर्ज घेतलं तेव्हा मीच ग्रुपवर टाकलं होतं, 'आजपासून बँकेचा वेठबिगार'. टीममधला तो मित्रही त्या ग्रुपवर आहे. त्याने तेव्हा नुसता अंगठा टाकला होता, लाइकचा. त्याच्या पणजोबांच्या पिढीने अंगठा कशावर दिला असेल ते मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याने कधी काही म्हटलं नाही. मीही अजून विषय काढलेला नाही, फक्त तो विनोद बंद केलाय.

बरं, हे सगळं झालं कसं? रानाशी इतका नीट करार करणारी माणसं जमीनदाराच्या गोठ्यात कशी पोचली? याचं उत्तर पुन्हा लाकडापाशीच येतं.

१८६० च्या दशकात मुंबई-बडोदा रेल्वे डहाणूच्या या पट्ट्यातून गेली. त्याने दोन गोष्टी झाल्या. मुंबईची बाजारपेठ काही तासांवर आली, आणि सागाला, जळणाला, गवताला भाव आला. तोवर राजाच्या मालकीचे समजले जाणारे साग-शिसव सोडले, तर रानात माणसाचा हात बराच मोकळा होता. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रानाचे मोठमोठे तुकडे राखीव झाले. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला जो राब लागतो, त्यासाठी झाडाचा टहाळ तोडायचा की नाही, यावरून ठाणे जिल्ह्यात इतकी ओरड झाली की सरकारला १८८५ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. १८८७ साली त्याचा अहवाल आला. पण रान सरकारी झालं ते झालंच. जमिनीही हळूहळू कर्जापोटी सावकारांकडे आणि बाहेरून आलेल्या जमीनदारांकडे गेल्या.

झाडाखालच्या फळीवरच्या करारात दोनच पक्ष होते, गाव आणि वाघ. आता तिसरा पक्ष आला, त्याच्याकडे कागद होता, शिक्का होता, आणि त्याने त्या फळीकडे पाहिलंही नाही. ज्या सागावर वाघ कोरायचा तो साग तोडणं हाच गुन्हा झाला. कंत्राटदारासाठी तोच साग तोडणं ही मजुरी झाली, पुष्कळदा बिनपैशाची.

याचा शेवट, किंवा शेवटाची सुरुवात, घोलवडपासून फार लांब झाली नाही. झरी हे गाव आज तलासरी तालुक्यात आहे, तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं. २३ मे १९४५ रोजी तिथे सुमारे ५ हजार आदिवासी जमले. बोलावणारे किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर. ठरलं ते अगदी साधं. वेठ करायची नाही. दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही. लग्नगडी आजपासून मोकळे. लोक पाड्यापाड्यातून गेले आणि लग्नगड्यांना घराबाहेर घेऊन आले. कुठलाही कायदा तोवर झालेला नव्हता. वेठबिगारी बंद करणारा देशभराचा कायदा यायला १९७६ साल उजाडलं, म्हणजे ३१ वर्षं.

त्याच साली पावसाळ्यानंतर गवत कापणीचा संप झाला. मागणी ५०० पौंड गवताला अडीच रुपये. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी या गवतावर जगत, त्यामुळे पैसा मोठा अडकलेला. ऑक्टोबरमध्ये तलवाडा इथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले. संप मोडला नाही.

गोदावरी परुळेकरांनी या सगळ्यावर लिहिलेलं पुस्तक १९७० साली आलं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नाव 'जेव्हा माणूस जागा होतो'. घरात असेल तर आजच काढा, नसेल तर विकत घ्या. मला त्यातली राजकीय बाजू सगळीच पटते असं नाही. पण 'आत्मविकास' नावाच्या कपाटातली जी चाळीसेक पुस्तकं मी विमानतळांवर घेऊन अर्धवट सोडली, त्यातल्या एकातही असा विकास नव्हता. काल मालकासमोर मान वर न करणारा माणूस आज त्याच्या दारात उभा राहून 'मी येणार नाही' म्हणतो. एवढंच. त्याने कुठलं स्किल शिकलं नाही, पहाटे पाचला उठून डायरी लिहिली नाही (पाचला तो उठतच होता, वेठीसाठी). त्याच्या शेजारी आणखी ५ हजार जण उभे राहिले, म्हणून तो वाढला.

विकास या शब्दाचाही या गावाशी गमतीशीर संबंध आहे. घोलवडहून दिसणाऱ्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम उभं केलं. १९४५ सालीच शेजारच्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं आणि १९५७ साली ते कोसबाडला आलं. तिथल्या प्रकल्पाचं नाव विकासवाडी. मुलं शाळेत येत नव्हती, तर या बायकांनी शाळा अंगणात नेली. आज देशभर अंगणवाडी म्हणतात त्याचं बीज इथलं. मुलं गुरांमागे जातात म्हणून कुरणशाळा काढली, गुरं चरताहेत आणि शाळा चाललीय. ज्या पोराला लग्नगड्याचा मुलगा म्हणून गुरांमागे जावं लागलं असतं, त्याला गुरांमागेच अक्षर भेटायला आलं.

माझ्या मित्राची आजी त्या टेकडीवर जाऊन शिकली. घरात पहिली सही तिची. हे मला त्याने चिकू सोलता सोलता सांगितलं, काही विशेष नाही अशा आवाजात.

मग भिंतीवरचं चित्र कागदावर कसं आलं तेवढं सांगून आवरतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचा एक कलंदर चित्रकार सरकारी कामासाठी या पाड्यांत आला. त्याने बायकांना भिंतीवरचं कागदावर काढायला दिलं. त्यात डहाणू तालुक्यातल्या गंजाडचा एक पुरुषही काढतो असं दिसलं. जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेल्यावर बोलणं बंद झालेला, मातीत रेघा काढून सांगणारा मुलगा. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री, २०१८ साली निधन. त्यांच्या चित्रात लग्न आहेच, पण मासेमारी आहे, मुंग्यांचं वारूळ आहे, आणि एका रेघेत हजार माणसं आहेत. त्यानंतर वारली चित्र जगभर गेलं आणि २०१४ साली त्याला जीआय मिळाला. ज्यांच्या घरात काल अंगठा होता, त्यांच्या मुलांना चित्राखाली सही करता आली आणि पैसे मिळाले. 'खरी कला भिंतीवरच राहायला हवी होती' असं म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा.

तेव्हा आमच्या हॉलमधल्या झाडाबद्दल माझी तक्रार 'ते अस्सल नाही' अशी मुळीच नाही. भुसा तर भुसा. माझी तक्रार एवढीच, की त्यात दुसरा पक्ष नाही. फळीवर वाघ आहे, त्याला देणं आहे. चौकात पालघट आहे, तिच्याभोवती दोन घरं आहेत. सावकाराच्या वहीतसुद्धा दोन बाजू होत्या, म्हणून तर झरीला एक बाजू उठून उभी राहू शकली. आमच्या झाडाखाली नुसतं 'वाढत राहा'. कोणाबरोबर? कोणाच्या जागेत? बदल्यात काय देऊन? ती ओळ गप्प. आणि फेर धरून नाचणारी माणसं तिथे नक्षी म्हणून आहेत, त्यांच्यापैकी कोणाला त्या झाडाचा एक पैसा मिळाला की नाही, हे खोक्यावर छापलेलं नाही.

आज त्या पट्ट्यात वाढीच्याच गोष्टी चालल्यात. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे खांब पालघरमधून जातात. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. डहाणू तालुका १९९१ सालीच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचा रानावरचा जुना हक्क कागदावर मान्य केला, त्याचे दावे, अपिलं, मोजण्या चालू आहेत. हे चांगलं की वाईट, यावर मी एका वीकेंडच्या जोरावर निकाल देणार नाही. पण त्या फळीने एक प्रश्न शिकवला तो विचारतो. हद्द कोणी ठरवली, आणि ठरवताना दुसरा पक्ष हजर होता का?

निघताना मी मामांना विचारलं होतं, मला एक फळी करून द्याल का, लहानशी, घरात लावायला? पैसे देईन. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, मोर करून देतो, झाड करून देतो, पाहिजे तर तारपा वाजवणारा करून देतो. वाघ नको. "तुझ्या घरामागे रान आहे काय?"

आमच्या घरामागे पार्किंग आहे. मी मोर सांगून आलो. पुढच्या महिन्यात तयार होईल. दर मामांनी सांगितला तोच, घासाघीस केली नाही.

ते भुश्याचं झाड अजून भिंतीवर आहे. बायकोचं म्हणणं, घेतलंय तर राहू दे. राहू दे. पाहुणे आले की विचारतात, "छान आहे हं, कुठून घेतलं?" मग मी झरीपासून सुरुवात करतो. तिसऱ्या मिनिटाला बायको चहा ठेवायला उठते, पाचव्या मिनिटाला पाहुणे पार्किंगचा विषय काढतात.

तुम्ही इथवर आलात, म्हणजे तुमची चिकाटी पाहुण्यांपेक्षा बरी. पुढच्या वेळी चिकू आणायला गेलात तर स्टेशनवरून पश्चिमेला वळायच्या आधी एकदा पूर्वेला जाऊन या.